एअर पिस्टल नव्याने शिकताय? मग हा सराव घड्याळ लावून करा

रेंजवर नवीन आलेला माणूस लांबून ओळखू येतो. तो पिस्तूल उचलतो, नेम धरतो, हात थरथरायला लागतो तरी धरूनच ठेवतो, आता जमेल मग जमेल करत पंधरा-वीस सेकंद जातात आणि शेवटी वैतागून ट्रिगर खेचतो. कार्डावर भोक पडतं पाचात नाहीतर सहात. मी पण हेच केलंय, चांगले चार महिने केलंय. पोरीला रेंजवर सोडायला जायचो, बाकड्यावर बसून कंटाळायचो, एक दिवस तिचे कोच म्हणाले काका तुम्ही पण उभे राहा की, आणि चाळिशी ओलांडल्यावर हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच.

लोकांना सांगितलं की मी पिस्टल शूटिंगसाठी टायमर लावतो तर त्यांना वाटतं कोण आधी गोळी झाडतो असलं काहीतरी असणार. तसं नाहीये. १० मीटर एअर पिस्टलमध्ये घड्याळ घाई करायला नसतंच, हात कधी खाली आणायचा हे सांगायला असतं. नवशिक्याने मारायला शिकायच्या आधी न मारता पिस्तूल खाली ठेवायला शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि खालचे सगळे ड्रिल त्याच अंगाने लिहिलेत.

आधी खेळाचं गणित

मॅच ६० शॉटची. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ७५ मिनिटं, कागदी कार्ड असेल तर ९०. त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि सायटिंग, त्यात कितीही मारा, मोजत नाहीत. म्हणजे ७५ मिनिटांत एका शॉटला सव्वा मिनिट मिळतं. भरपूर आहे, खरंच भरपूर आहे, आपण उगाच घाबरतो. बायकांची मॅच पूर्वी ४० शॉटची होती, २०१८ पासून त्यांनाही ६०.

आता कार्ड. दहाची रिंग ११.५ मिमीची, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. त्यानंतरची प्रत्येक रिंग ८ मिमीने बाहेर. काळा गोल ५९.५ मिमीचा, त्यात सात ते दहा बसतात. छर्रा ४.५ मिमीचा, चपट्या तोंडाचा, आणि तो रिंगेला नुसता चाटून गेला तरी वरचा मार्क मिळतो. हिशोब केला तर छर्‍याचं केंद्र मधल्या बिंदूपासून ८ मिमीच्या आत पडलं की दहा.

हे आकडे पाठ करायला नाही सांगत, यातून एक गोष्ट कळते ती महत्त्वाची आहे. तुमचा अख्खा हात, मनगट, पिस्तूल सगळं एकत्र ५-७ मिमी इकडेतिकडे डुलत असेल तर छर्रापण तेवढाच इकडेतिकडे जाणार, म्हणजे तरीही दहाच. पण मनगट वाकलं आणि पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत फक्त १ मिमी बाजूला गेली, तर? दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंमी, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे ती १ मिमीची चूक तिकडे ३० मिमी होते. थेट सात. म्हणून सगळे कोच कानीकपाळी ओरडत असतात की फोरसाइट (म्हणजे ही पुढची साइट) बघ, फोरसाइट बघ, काळा गोल धूसर दिसला तर दिसू दे. आणि म्हणूनच हात डुलतोय म्हणून वाट बघत बसण्यात काही अर्थ नाही. डुलणं थांबत नाही. ऑलिंपिकवाल्यांचंही पूर्ण थांबत नाही, त्यांचं कमी असतं एवढंच.

पिस्तूल लगेच विकत घेऊ नका

पहिले सहा महिने क्लबचं वापरा. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे, कोल्हापूर तर नेमबाजांचं गावच म्हणायचं, शिवाय आता जिल्ह्याजिल्ह्यात खासगी १० मीटर रेंज निघाल्यात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी ही नावं कानावर पडतील, किंमती लाखाच्या पुढे जातात, आणि नवीन माणसाचा स्कोअर पिस्तुलामुळे अडलेला नसतो. तोच पैसा छर्रे आणि लेनच्या भाड्याला ठेवा. फक्त ग्रिप आपल्या हाताच्या मापाची मिळतेय का बघा, मोठी ग्रिप असली की मनगट दर शॉटला वेगळं बसतं. ४.५ मिमीच्या, २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, दुकानदार ओळखपत्र मागतो ते द्यायचं.

सेफ्टीबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच, पण चार गोष्टी. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. बोट ट्रिगरवर नेम धरायला लागल्यावरच. हातात नसेल तेव्हा नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग. ‘स्टॉप’ ऐकलं की तिथल्या तिथे थांबायचं, अर्धवट शॉट पूर्ण करायचा नाही. आणि हो, छर्रे शिशाचे असतात, रेंजबाहेरच्या गाडीवर वडापाव खायच्या आधी साबणाने हात धुवा.

पहिला आठवडा: डोळे मिटून उभं राहणं

पाय खांद्याएवढे फाकवून, टार्गेटला जवळजवळ आडवे उभे राहा, मोकळा हात खिशात नाहीतर पट्ट्यात अडकवा. आता नेम धरा, डोळे मिटा, पिस्तूल खाली आणा, परत वर उचला, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. पिस्तूल कुठे दिसतंय? डावीकडे असेल तर हाताने ओढून मध्ये आणायचं नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. परत डोळे मिटा. असं पाच-सहा वेळा केलं की तुमचं शरीर स्वतःहून कुठे बघतंय ते सापडतं. रोज सरावाआधी ५ मिनिटं, याला सुट्टी नाही. मी सुरुवातीला हे टाळायचो कारण लोकांसमोर डोळे मिटून उभं राहायला कसंतरी वाटायचं, आणि मग दुपारभर उजवीकडे आठ का जातायत म्हणून साइटचे स्क्रू पिळत बसायचो.

दुसरं: कोरी भिंत

टार्गेट नको. पांढरी भिंत, एक मीटरवरून. पिस्तूल उचला, साइट जुळवा, १० सेकंद फक्त फोरसाइटकडे बघत धरा, खाली ठेवा, ४० सेकंद आराम. असं १५ वेळा. भिंतीवर नेम धरायला काही नसतं त्यामुळे डोळा आपोआप साइटवर राहतो, हीच तर सवय लावायचीय. पहिल्या दोन आठवड्यांत १० सेकंद पुरे, नंतर १५ सेकंद आणि २० वेळा. त्यापुढे वाढवण्यात मला तरी फायदा दिसला नाही, खांदा धरतो फक्त. ज्यांच्याकडे पिस्तूल नाही त्यांनी घरी एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली धरावी, वजन जवळपास तेवढंच होतं, पिस्तुलाला नियमाने दीड किलोची मर्यादा आहे आणि बरीच पिस्तुलं किलोच्या आसपास असतात.

बंद न केलेला दुसरा डोळा. एक डोळा मिटून नेम धरू नका, चेहरा आखडतो आणि उघडा डोळाही थकतो. दुसर्‍या डोळ्यापुढे पांढरा कागद टोपीला लावा, ३० मिमीपेक्षा रुंद नको, तोच नियम आहे.

तिसरं आणि मुख्य: ड्राय, आठ सेकंदांची खिडकी

ड्राय म्हणजे छर्‍याशिवाय ट्रिगर दाबणं. आजच्या पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते, हवा न सोडता ट्रिगर क्लिक होतो. चांगले नेमबाज छर्‍यांपेक्षा कितीतरी जास्त ड्राय करतात, आणि नवीन माणूस एकदाही करत नाही कारण त्यात भोक पडत नाही, मजा नाही.

मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ६० ठोके. पिस्तूल टार्गेटच्या वर उचला, श्वास सोडत हळूहळू खाली उतरवत काळ्या गोलाच्या खाली आणा, साइटच्या वर आणि गोलाच्या खाली पांढरी पट्टी राहील असं. पिस्तूल त्या जागेत स्थिरावलं की मोजायला सुरुवात. पहिले दोन-तीन सेकंद होल्ड सगळ्यात वाईट असतो, मग चारपासून आठपर्यंत सगळ्यात बरा, आणि नंतर बिघडत जातो, कारण श्वास धरलेला असतो, डोळा एकाच जागी बघून बघून खोटं चित्र दाखवायला लागतो आणि खांद्याचे स्नायू थकतात. तर शॉट त्या चार ते आठमध्ये सुटला पाहिजे. नववा ठोका ऐकू आला की बोट ट्रिगरवरून बाहेर, हात खाली. वाद नाही. ‘आत्ता छान दिसत होतं’ वगैरे काही नाही.

ट्रिगरबद्दल एवढंच, एअर पिस्टलच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन लागतं आणि त्याला दोन टप्पे असतात. पहिला टप्पा पिस्तूल खाली उतरवतानाच घ्यायचा, अर्धं वजन तिथेच बोटावर आलं पाहिजे. मग उरलेलं हळूहळू वाढवत न्यायचं आणि शॉट आपोआप सुटू द्यायचा. दहा दिसला की दाबू असं ठरवलं तर दहा दिसल्यावर तुम्ही दाबणार नाही, झटका माराल. उजव्या हाताने मारणार्‍याचे सात डावीकडे खाली दिसत असतील तर बहुतेक वेळा हेच कारण, साइट नाही. आणि शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसंच धरा, फोरसाइट कुठे होती ते बघा, याला फॉलो थ्रू म्हणतात आणि ड्रायमध्ये हे जेवढं शिकता येतं तेवढं छर्रा मारून येत नाही कारण तेव्हा डोळे लगेच स्क्रीनकडे पळतात.

ध्येय काय ठेवायचं तर असं. पहिल्या महिन्यात २० उचलींपैकी १० वेळा शॉट खिडकीत, उरलेल्या वेळा प्रामाणिकपणे हात खाली. दुसर्‍या महिन्यात २० पैकी १४. तिसर्‍या महिन्याच्या शेवटी १६. बाकीच्या चार खाली आणलेल्यांना अपयश समजू नका, त्या चार तुमच्या वहीत ‘बरोबर’ म्हणूनच लिहायच्या. वीसपैकी वीस सुटले असतील तर मला उलट शंका येते की माणूस स्वतःशी खोटं बोलतोय. आणि दर पाचवा शॉट मुद्दाम, सगळं छान असतानाही, सोडायचा नाही, खाली आणायचा. हे करून बघा, किती अवघड जातं ते. हातातलं बोट ऐकत नाही अक्षरशः.

घरी करत असाल तर छर्‍यांचा डबा दुसर्‍या खोलीत, नळी उघडून दोनदा तपासा, आणि खिडकीचे पडदे लावा. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना तुम्ही ऑलिंपिकची तयारी करताय हे माहीत नसतं. आमच्याकडे वॉचमन वर आला होता.

चौथं: कार्ड उलटं लावा

आता छर्रे. पण कार्डाची कोरी बाजू समोर. गोल नाही, आकडे नाहीत, साधारण मध्यावर १० छर्रे मारा आणि भोकं किती जवळजवळ पडली तेवढंच मोजा. पहिल्या दोन महिन्यांत दहाच्या दहा भोकं काळ्या गोलाएवढ्या, म्हणजे ६० मिमीच्या वर्तुळात मावली तर उत्तम चाललंय. नंतर ४० मिमी. वर्षभरात नवाच्या रिंगेएवढ्या, २७.५ मिमीच्या आसपास आला ग्रुप तर तुम्ही ९० च्या सिरीज, म्हणजे दहा शॉटला ९० गुण, मारायला लागलात असं समजा. ग्रुप कुठे पडलाय याची काळजी नाही, तो साइटने सरकवता येतो, मागची साइट जिकडे सरकवाल तिकडे ग्रुप जातो. फक्त एका शॉटवरून क्लिक फिरवू नका, निदान पाच बघून मग.

एका दिवशी ६० ते ८० छर्रे बास. ५०० चा डबा दोन दिवसांत संपवणारे बघितलेत मी, शेवटचे शंभर ते फक्त चुकांचा सराव करत असतात.

याच टप्प्यावर जोडीदाराबरोबरचा एक खेळ. तुम्ही मान वळवायची, त्याने छर्रा भरायचा किंवा न भरताच बंद करायचं आणि पिस्तूल नळी टार्गेटकडे ठेवून टेबलावर ठेवायचं. तुम्हाला माहीत नाही आत काय आहे. रिकामं निघालं आणि पुढचं टोक खाली डुबकलं तर समजा की तुम्ही आवाजाच्या आधीच झटका देताय. दहातले पाच रिकामे ठेवायला सांगा. माझी पोरगी एकदा सलग सात रिकामे देऊन हसत उभी होती.

पाचवं: दहा शॉट, दहा मिनिटं

इथून मॅचचं घड्याळ सुरू. दहा शॉटची एक सिरीज, वेळ १० मिनिटं. साडेबारा मिळतात नियमाने, पण आपण दहाच धरायची, म्हणजे साठ शॉट ६० मिनिटांत आणि १५ मिनिटं गंगाजळी. ती कशाला? टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर मॅचच्या मधेच तुटला, दुरुस्तीत बराच वेळ गेला, घड्याळ थांबत नाही, मग उरलेले शॉट घाईत मारावे लागले. तरी ५७५ मारले तिने, दोन गुणांनी फायनल हुकली. आपल्या बाबतीत लिव्हर तुटणार नाही, पण घाम येईल, चष्मा धुरकटेल, सलग तीन सात लागून डोकं फिरेल आणि खुर्चीवर बसून पाणी प्यावंसं वाटेल. त्यासाठी वेळ हवा.

उलटी चूकपण होते आणि नवीन लोकांत तीच जास्त. माझ्या पहिल्या जिल्हा स्पर्धेत मी साठ शॉट ३४ मिनिटांत संपवले. शेजारच्या लेनचा धाडधाड मारत होता, मी त्याच्या तालावर गेलो. उरलेली ४१ मिनिटं बाकीच्यांना बघत बसलो, स्कोअर विचारू नका. म्हणून सिरीजला खालचीपण मर्यादा ठेवा, ७ मिनिटांच्या आत दहा शॉट झाले तर ती सिरीज बाद, परत करायची. दोन शॉटच्या मध्ये हात टेबलावर टेकवा, नजर लांब कुठेतरी न्या, तीन श्वास, मग पुढचा छर्रा. ३५-४० सेकंद यातच जातात, तेवढे जायलाच पाहिजेत.

सुरुवातीला अशा दोन सिरीज, महिन्याने चार, मग पंधरवड्यातून एकदा पूर्ण साठ, १५ मिनिटांच्या सायटिंगसकट. स्कोअरचं म्हणाल तर माझ्या अंदाजाने तीन महिन्यांत ७५ ते ८० ची सिरीज, सहा महिन्यांत ८५, वर्षाने साठ शॉटला ५३०-५४० हे नोकरी करून आठवड्याला तीन दिवस येणार्‍याला जमण्यासारखं आहे. शाळकरी पोरं हे चार महिन्यांत करतात, त्यांच्याकडे बघू नका. जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर ही देशपातळीवरची स्पर्धा असा पुढचा रस्ता, पात्रतेचे गुण त्या त्या वर्षीच्या सर्क्युलरमध्ये बघायचे. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली त्यांनीच उभी केली, हे मला स्पर्धेचा फॉर्म भरेपर्यंत माहीत नव्हतं.

सहावं: पन्नास सेकंद

हे थोडं पुढचं आहे पण गंमत म्हणून आठवड्यातून एकदा करा. पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये आठ जण होते, पहिले पाच शॉट २५० सेकंदांत, परत पाच २५० सेकंदांत, मग एकेक शॉट ५० सेकंदांचा, आणि बाराव्या शॉटपासून दर दोन शॉटला शेवटचा बाहेर. गुण दशांशात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. मनूला तिथे २२१.७ वर ब्राँझ मिळालं, पुढचीकडे होते २२१.८.

आपण घरी कुणालातरी ‘लोड’ आणि ‘स्टार्ट’ ओरडायला सांगायचं आणि ५० सेकंदांत एक ड्राय शॉट. १४ वेळा. इथे खरी परीक्षा असते ती परत उचलायची. पहिली उचल नवव्या ठोक्याला खाली आणलीत, घड्याळात २८ सेकंद झालेत, तर एक श्वास घेऊन दुसर्‍यांदा उचलायला पुरेसा वेळ आहे. पण नवीन माणसाला ते खरं वाटत नाही, तो पहिल्याच उचलीला चिकटून राहतो. स्टॉपवॉच लावून दोन उचली ५० सेकंदांत बसवून बघा, आरामात बसतात. एकदा ते अंगात भिनलं की ७५ मिनिटांच्या मॅचमध्ये हात खाली आणायची भीतीच जाते. ज्यांना पुढे २५ मीटरला जायचंय त्यांचा खेळ वेगळा, तिथे रॅपिडमध्ये ३ सेकंद टार्गेट समोर आणि ७ सेकंद बंद, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये त्यातच सोनं आणलं, पण तिथेही पाया याच उचलीचा.

वहीत रोज तीन आकडे लिहा: किती उचली, किती खिडकीत सुटल्या, किती खाली आणल्या. स्कोअर चौथ्या जागी.

आमच्याकडे ‘स्टार्ट’ पोरगी ओरडते, तेही मुद्दाम कुकर गॅसवर असताना, कारण गडबडीत सराव व्हायला हवा असं तिचं म्हणणं. तिसर्‍या शिट्टीला गॅस बंद करायचं काम माझं असतं, आणि तिसरी शिट्टी बरोब्बर सातव्या ठोक्याला होते.